उत्स्फूर्त मैफल आणि गळ्यातली हलगी

५ जुलै १९७५ रोजी अमेरिकेत, लाँग आयलंडवरील साउथॅम्प्टन कॉलेजात 'शक्ती' या वादकसंचाची एक मैफल झाली. ती ध्वनिमुद्रित झाली आणि पुढच्या वर्षी तिची तबकडी निघाली. वेगवेगळ्या संगीतपरंपरांतले वादक एकत्र बसतात, आधी ठरवलेले थोडे आणि त्या क्षणी सुचलेले बरेच वाजवतात, अशा मैफलींची आज आपल्या शहरांतून जी रीघ लागलेली असते, तिच्या मूळपुरुषांत या तबकडीची गणना होते. जाणकारांनी तिच्यावर पुष्कळ लिहिले आहे. त्या लिहिण्यात एक शब्द हटकून येतो : स्वातंत्र्य. वादकाला बंदिशीपासून मिळालेले स्वातंत्र्य, संगीताने देशांच्या सीमा ओलांडून मिळवलेले स्वातंत्र्य. ज्यांना हा शब्द आयता मिळालेला नाही त्यांनी तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना वाजवून घ्यावा, एवढाच या लेखामागचा हेतू आहे.

ही तबकडी मी अनेकदा ऐकली आहे आणि विद्यार्थ्यांनाही ऐकवली आहे. एकदा ऐकून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, हे भारी आहे. पण यात आपलं काय?" वर्गात हशा पिकला. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही.

आधी संगीताविषयी, कारण ज्या कलाकृतीची झडती घ्यायची तिची थोरवी नाकारून झडती घेणे हा अप्रामाणिकपणा आहे. मंचावर पाच जण होते. यॉर्कशायरचा गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर चोवीस वर्षांचे झाकिर हुसेन, मृदंगमवर आर. राघवन आणि घटमवर टी. एच. विनायकराम. विजेवरची वाद्ये नाहीत, पाश्चात्य ड्रम नाहीत. तबकडीवर तीनच रचना आहेत. पहिली १८ मिनिटांची, मधली छोटी, शेवटची २९ मिनिटांची. पहिल्या रचनेत गिटार आणि व्हायोलिन एका श्वासात धावत सुटतात, मग वेगळे होतात, मग एकमेकांना प्रश्न टाकतात. प्रश्न आखूड होत जातो, उत्तर त्याहून आखूड. तमाशातला सवाल-जवाब ज्याने ऐकला आहे त्याला ही चाल परकी वाटत नाही. फरक इतकाच, की तिथे हरणाऱ्याची पगडी जाते आणि इथे कोणी हरत नाही.

पण मला या मैफलीत खरे मोलाचे वाटते ते वेगळेच. आपल्याकडच्या अभिजात संगीतात 'साथ' नावाची एक पायरी आहे. गाणारा वा सतार वाजवणारा पुढे, साथ करणारा बाजूला. 'तबलजी' हा शब्द एके काळी शिवीच्या शेजारचा होता, कारण तबल्याचा संबंध कोठ्याशी जोडला गेला होता. जुन्या तबकड्यांवर पुष्कळदा तबलावादकाचे नावही छापलेले नसे. कर्नाटक पद्धतीत तर साथीच्याही पायऱ्या आहेत : मृदंगम ही मुख्य साथ, आणि घटम, खंजिरी ही उपसाथ, म्हणजे साथीची साथ. 'शक्ती'ने ही उतरंड मोडली. मडके वाजवणारा माणूस व्हायोलिनवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसला. तो केवळ ताल धरत नाही, तो विषय काढतो, दुसऱ्याचा विषय बदलतो, आणि कधी कधी गप्प बसतो. हे गप्प बसणे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

हे सारे मान्य केल्यावर त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू.

मंचावरच्या परंपरा विविध होत्या असे सांगितले जाते. किती विविध? कर्नाटक संगीतातले तिघेही वादक संगीताच्या घरातलेच. शंकर हे व्ही. लक्ष्मीनारायण अय्यर यांचे पुत्र, विनायकराम हे हरिहर शर्मा यांचे पुत्र, राघवन हे गायक रामनाड कृष्णन यांचे बंधू. या घरांचे दार कोणासाठी उघडे होते आणि कोणासाठी नव्हते हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. झाकिर हुसेन यांची गोष्ट वेगळी आहे. वडील उस्ताद अल्लारखा यांनी तबल्याला जगभर मान मिळवून दिला, आणि हा मुलगा माहीमला वाढला. आता राहिला जॅझ. जॅझ ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची निर्मिती. मॅकलॉफ्लिन १९६९ मध्ये अमेरिकेत गेला तो टोनी विल्यम्स या कृष्णवर्णीय ड्रमवादकाच्या गटात, आणि त्याच वर्षी तो माइल्स डेव्हिसबरोबर वाजवू लागला. त्याने हे ऋण कधी लपवले नाही. तरीही त्या संध्याकाळचे वास्तव असे आहे, की जॅझ आहे आणि कृष्णवर्णीय माणूस नाही. चामड्याची दोन वाद्ये आहेत आणि चामड्याचा माणूस नाही.

चामड्याचा माणूस कुठे होता? मृदंगमला गाय, म्हैस आणि शेळी या तिन्ही जनावरांचे कातडे लागते. ते सोलायचे, केस काढायचे, ताणायचे, वाद्या ओढायच्या, आणि वादकाच्या बोटांना हवा तो नाद येईपर्यंत पुन्हा पुन्हा उलगडून बांधायचे. तमिळनाडूत हे काम करणारी कितीतरी घरे दलित ख्रिस्ती आहेत. टी. एम. कृष्णा या गायकाने २०२० मध्ये 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहून तंजावरच्या अशाच एका घराण्याची आणि त्याच्यासारख्या इतरांची हकिगत मांडली. पालघाट मणी अय्यर यांच्या मृदंगमचा जो नाद रसिकांनी डोक्यावर घेतला, त्यामागे पर्लांदू नावाच्या कारागिराचे हात आणि कान होते हे त्यातून पुष्कळांना प्रथमच कळले. या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी चेन्नईच्या कलाक्षेत्राने आपले सभागृह देऊ केले आणि ऐनवेळी काढून घेतले. मृदंगम त्या सभागृहात चालतो. मृदंगम करणाऱ्यांची हकिगत चालत नाही.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. 'शक्ती'साठी मॅकलॉफ्लिनला एक खास गिटार हवी होती. पडद्यांमध्ये खोलगट खाचा, म्हणजे तार दाबून मींड काढता यावी, आणि मुख्य तारांखाली तिरक्या बसवलेल्या सात तरफेच्या तारा. ती करून देणाऱ्याचे नाव एब्राहम वेक्टर. गिटारवर लिहिणारा कोणीही हे नाव सांगतो. कारागिराचे नाव सांगण्याची रीत या जगात नाही असे मुळीच नाही. ती रीत लाकडापर्यंत येते आणि कातड्यापाशी अडते. आपल्याकडेही काय झाले? मिरजेच्या तबला घडवणाऱ्या घराण्यातले हरिदास व्हटकर यांनी झाकिर हुसेन यांचे तबले वर्षानुवर्षे घडवले. डिसेंबर २०२४ मध्ये झाकिर हुसेन गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी व्हटकरांचे नाव ठळकपणे छापले. उस्ताद हयात असताना ते किती रसिकांना ठाऊक होते?

शब्दांचेही असेच आहे. मंचावर त्या क्षणी सुचलेले वाजवणे याला हिंदुस्थानी संगीतात 'उपज' म्हणतात, कर्नाटक संगीतात 'मनोधर्म' म्हणतात. भारदस्त शब्द आहेत. वामनदादा कर्डक गिरणीत राबता राबता पाट्या वाचून अक्षरे शिकले आणि नंतर मंचावर उभ्याउभ्या कडवी जुळवू लागले, तेव्हा समीक्षकांनी त्याला 'शीघ्रकवित्व' म्हटले आणि लोककलेच्या फडताळात ठेवून दिले. मुंबईच्या चाळींतून कव्वालीचे मुकाबले रंगत, एकाच्या तोंडचा शब्द दुसरा झेलून उलटवी. त्याला तेवढेही नाव मिळाले नाही. आणि जत्रेत रात्रभर हलगी वाजवणारा माणूस पहाटेपर्यंत एकदाही तोच तुकडा जसाच्या तसा वाजवत नाही, त्याच्या या करामतीला मराठी समीक्षेत आजवर शब्दच नाही. 'हलगी कडाडली' एवढे लिहून आमचे लेखक पुढे जातात.

इथे कोणी म्हणेल, मग या मैफलींत हलगी आणा, झाले. गोष्ट इतकी सरळ असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

अमेरिकेतला इतिहास घ्या. १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला, आणि तो ढोल वाजवत केला. पुढच्या वर्षी तिथल्या मळेवाल्यांच्या सरकारने कायदा करून गुलामांच्या ढोलांवर बंदी घातली. ढोल म्हणजे निरोप, ढोल म्हणजे जमाव, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. ज्याच्याकडून ढोल हिसकावला गेला त्याने तो पुन्हा हातात घेणे हे स्वातंत्र्य. न्यू ऑर्लिन्सच्या काँगो स्क्वेअरमध्ये रविवारी गुलाम जमत, वाजवत, नाचत, त्या चौकाला जॅझच्या इतिहासात जे स्थान आहे ते यामुळे.

आपल्याकडे ढोल हिसकावून घेतला गेला नाही. तो गळ्यात अडकवला गेला. गावगाड्याने सांगितले, लग्नाच्या वरातीपुढे वाजव, देवीच्या पालखीपुढे वाजव (देवळात मात्र येऊ नकोस), पाटलाच्या दारात वाजव, मयतापुढे वाजव. बलुत्याच्या धान्यात हे सारे धरलेले. न वाजवणे हा गुन्हा. म्हणून बाबासाहेबांच्या चळवळीच्या काळात आपल्या वस्त्यांनी मेलेली ढोरे ओढायची नाहीत, येसकरकी करायची नाही असे ठरवले, त्यात गावापुढे वाजवायचे नाही हेही आले. नकाराची किंमत बहिष्काराने वसूल केली गेली. तिथे ढोल उचलणे हे बंड, इथे ढोल खाली ठेवणे हे बंड. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले, आणि कृष्णवर्णीयांच्या साहित्याने आपल्या पिढीला जे बळ दिले ते मी कधीही कमी लेखणार नाही. पण ढोलाच्या बाबतीत ते साम्य जसेच्या तसे चालत नाही, आणि आपल्यातल्या काही उत्साही मित्रांनी ते चालवल्यामुळे 'आपले वाद्य, आपला अभिमान' अशी घोषणा फार लवकर तयार झाली.

तिच्यात आणखी एक गाठ आहे, आणि ती आपल्याच घरातली आहे. महारांनी वाद्य खाली ठेवले तेव्हा मातंग आणि होलार समाजातल्या कितीतरी घरांची चूल वाद्यावरच पेटत होती, आजही पेटते. त्यांना वाद्य फेकून द्या म्हणून सांगणे हे शेत असलेल्याने नसलेल्याला उपासाचे महत्त्व सांगण्यासारखे झाले. या प्रश्नावर आपल्या मंचांवरून पुरेशी मोकळी चर्चा झालेली नाही.

माझ्या ओळखीचे एक वृद्ध हलगीवादक होते. तरुणपणी गावकीत वाजवलेले, पुढे सोडून दिलेले. आमच्या काही मुलांनी त्यांना एका संमेलनात वाजवण्याची गळ घातली. त्यांनी मानधन विचारले नाही, गाडीभाडे विचारले नाही. एकच विचारले, "थांबायचं कधी, ते कोण सांगणार?" मुलांना वाटले बाबा वेळापत्रक विचारताहेत.

ते वेळापत्रक विचारत नव्हते. गावकीत वाजवणाऱ्याला बाकी सगळे करता येत होते. लय वाढवता येत होती, बोल फिरवता येत होते, नाचणाऱ्याचा घामटा काढता येत होता. थांबता मात्र येत नव्हते. वरात थांबेल तेव्हा तो थांबणार. आता 'शक्ती'च्या त्या मैफलीत मृदंगम गप्प बसतो त्या जागा पुन्हा ऐकाव्यात. गिटार आणि व्हायोलिन बोलत आहेत, राघवन हात मांडीवर ठेवून बसले असतील अशी मी कल्पना करतो, आणि मग त्यांना वाटेल तेव्हा ते शिरतात. ती शांतता त्यांची आहे. तिच्यामुळे त्यांच्या पहिल्या थापेला अर्थ येतो. उत्स्फूर्त संगीत म्हणजे सुचेल ते वाजवणे, ही व्याख्या अपुरी आहे. सुचत असूनही न वाजवण्याची मुभा ज्याला आहे त्याचेच वाजवणे उत्स्फूर्त. ज्याला ती नाही तो कितीही थोर कलावंत असो, तो बेगारच करतो आहे. आपल्या सौंदर्यशास्त्राने हा भेद कधी केला नाही, कारण सौंदर्यशास्त्र लिहिणाऱ्यांच्या घरात बेगार करणारे कोणी नव्हते.

आणि म्हणून आजच्या मैफलींना मी हलगी आहे का, एवढेच विचारत नाही. काही वर्षांपूर्वी एका शहरात असाच एक कार्यक्रम ऐकला. सॅक्सोफोन, सरोद, तबला, पाश्चात्य ड्रम आणि हलगी. जाहिरातीत चार नावे आणि पाचव्या जागी 'लोककलावंत'. तबलावादकाने हातोडी घेऊन सावकाश तबला मिळवला. प्रेक्षक आदराने वाट पाहत होते. हलगीचे कातडे मिळवायचे म्हणजे शेकावे लागते, विस्तवावर धरावे लागते. वातानुकूलित सभागृहात विस्तव चालत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण बाहेरच्या आवारात शेकोटी करून दर अर्ध्या तासाने हलगी आत आणता आली असती, आणि ते कोणाला सुचलेही नाही. त्या थंडीत कातडे सैल पडत होते. शेवटी त्याला बोलावले. निवेदिकेने 'मातीचा गंध' वगैरे सांगितले. तो वाजवू लागला आणि सैल कातड्यावरही त्याने अशी एक तिरपी लय काढली की सॅक्सोफोनवाला वाद्य ओठांशी नेऊन त्याच्याकडे वळला. आता खरी मैफल सुरू होणार, तोच विंगेतून संयोजकाने हात हलवला. सारे मिळून चार-पाच मिनिटे झाली असतील. तबल्याला शेकडो वर्षांच्या परंपरेचा वेळ मिळतो आणि हलगीला घामाघूम करणाऱ्या शेवटाचा. थांबायचे कधी, ते पुन्हा दुसऱ्यानेच सांगितले.

याचा अर्थ आपल्या परंपरेत वाट नव्हती असा नाही. सत्यशोधकी जलशांनी आणि त्यांच्यामागून आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच साचा घेतला. ढोलकी ठेवली, तुणतुणे ठेवले, आणि कशापुढे वाजवायचे ते बदलले. गणपतीचे स्तवन गेले, गवळणीतली छेडछाड गेली, तिथे प्रश्नोत्तरे आली. भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे वस्तीच्या बोलावण्यावरून होत आणि वस्तीपुढे होत. वाद्य फेकणे आणि वाद्य वाहणे यांच्यामधली ही तिसरी वाट होती. संगीताच्या इतिहासकारांनी तिच्याकडे प्रचार म्हणून पाहिले आणि आपल्या इतिहासकारांनीही बव्हंशी तसेच पाहिले. तिच्यातले संगीत कोणी ऐकले नाही.

अलीकडची अशीच एक वाट चेन्नईची आहे. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'चा पहिला कार्यक्रम जानेवारी २०१८ मध्ये झाला. नाव आयोती दासांच्या 'जातिविहीन तमिळ' या कल्पनेवरून घेतलेले. गिटार, ड्रम, रॅप, आणि त्यांच्याबरोबर पराई, म्हणजे तिकडच्या दलितांच्या गळ्यात गावाने अडकवलेला ढोल. आणि गाना, म्हणजे उत्तर चेन्नईच्या वस्त्यांत मयताच्या घरीही गायले जाणारे गाणे, ज्यात गेलेल्या माणसाबद्दल तिथल्या तिथे कडवी जुळवतात. इथे पराई कोणाची पाहुणी नाही. तिच्याभोवती बाकीची वाद्ये बसली आहेत. निव्वळ कराराच्या दृष्टीने पाहिले तर ही मैफल 'शक्ती'पेक्षा मोकळी आहे.

संगीताच्या दृष्टीने मात्र मला ती तेवढी मोकळी वाटत नाही, आणि आपली माणसे म्हणून हे न बोलणे बरोबर नाही. गाणी बांधलेली आहेत, चार-पाच मिनिटांत संपतात, घोषणेचा भार त्यांच्यावर आहे, आणि वाद्यांना स्वतःशी बोलायला फुरसत नाही. ज्या गान्यात रात्रभर कडवी सुचत राहतात त्याचे रूप इथे ठराविक होऊन येते. राग आहे, विनोद आहे, हजारोंना उभे करण्याची ताकद आहे. पण राघवन यांना साउथॅम्प्टनच्या मंचावर जी शांतता मिळाली होती, ती इथल्या पराईवाल्याला अजून मिळालेली मी ऐकलेली नाही. त्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी हे ध्वनिमुद्रणही नंतर ऐकवले. त्याने ते दोनदा लावले, आणि दुसऱ्या वेळी गाणे संपून पराई एकटी उरते का हे पाहण्यासाठी शेवटपर्यंत कान लावून बसला.